मॅग्नेटवाली बॅग

"ही पण नको," तात्याराव म्हणाले. "हिची चेन बघ. मेहकरपर्यंत टिकायची नाही."

करोलबागेतल्या दुकानदारानं उसासा टाकला आणि मागच्या फळीवरून आणखी एक टँक बॅग काढली. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर बसवायची एवढीशी पिशवी. पण म्हातारा लेकीसाठी स्थळं बघावीत तशी एकेक नापसंत करत होता. ही त्यांची तिसरी खेप.

बरोबर आशय होता. म्हातारा कशासाठी खोड काढतोय हे त्याला ठाऊक होतं. बॅग मिळाली की आशय जाणार होता.

आशय त्यांच्या पहाडगंजच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. कलेक्टर व्हायला दिल्लीला आला होता. शेवटची परीक्षाही हुकली. आता मोटारसायकलवरून गावी, मेहकरला जायचं आणि बापाच्या दुकानात बसायचं, एवढंच उरलं होतं. तात्यारावांना मूलबाळ नाही. नोकरी संपली, बायको गिरिजा गेली. आता हाही चालला.

गिरिजाला पिशवीतलं दूध चालत नसे. रोज पहाटे कडीचा स्टीलचा डबा घेऊन ती डेअरीवर जायची. मागच्या जानेवारीत धुकं असं पडलं होतं की स्वतःचा हात दिसू नये. त्या धुक्यात गल्लीच्या कोपऱ्यावर तिला गाडीनं उडवलं. पांढरी कार, हरियाणाची नंबरप्लेट. आशयनं बघितली होती. त्यानंच तिला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, पोलिसांना जबाब दिला. कार सापडली नाही. सापडणार नाही, हे तात्याराव तेव्हाच समजून चुकले होते. डबा तेवढा परत आला, बुडाची कड चेपलेला. तात्याराव अजून त्यातच दूध आणत. आशयनं दोनदा नवा डबा आणून दिला. त्यांनी तो माळ्यावर टाकला.

तेव्हापासून पोरगा घरचाच झाला. औषधं आणायचा, वीजबिल भरायचा, त्यांचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसायचा. गिरिजा गेल्यावर त्यानं आपल्या गाडीची लालभडक टाकी काळी करून घेतली. पोटच्या पोरानं पाळलं नसतं असं सुतक त्यानं पाळलं, असं तात्याराव गल्लीत सगळ्यांना सांगत.

"अंकल, ये देखो. मॅग्नेटवाली." दुकानदारानं बॅग लोखंडी शटरवर आपटली. थप्प! तिथंच चिकटली. "ना बेल्ट, ना बकल. पंप पे एक हाथ से उठाओ, तेल भरवाओ, वापस रख दो."

"पट्ट्यांची बरी," आशय म्हणाला. "मॅग्नेटनं रंग खराब होतो, काका."

"नीचे मखमल है, भाई. बस टंकी लोहे की हो. प्लास्टिक पे नहीं पकडेगी, पुट्टी पे नहीं पकडेगी."

"पुट्टी कैसी?" तात्यारावांनी विचारलं.

"अरे अंकल, टंकी ठुक जाए तो गड्ढे में पुट्टी भर के ऊपर रंग मार देते हैं. दिखता थोडे ही है. गाडी ले आते, लगा के दिखा देता."

"यहाँ पार्किंग कहाँ मिलती है," आशय म्हणाला. तिन्ही वेळा ते मेट्रोनंच आले होते.

"इसकी गाडी पे खरोंच नहीं है," तात्याराव तोऱ्यात म्हणाले. "दुल्हन जैसी रखता है. यही दे दो."

"पट्ट्यांचीच घेऊ ना, यार काका."

"आता मला यार म्हणायला लागला! मी घेऊन देतोय ना? मग माझं ऐक. थंडीत पंपावर पट्ट्या सोडत बसशील, बोटं गारठतील."

आशय बॅगेकडे बघत राहिला. "ठीक आहे. पण गावी गेल्यावर लावेन."

"मग वाटेत काय डोक्यावर घेणार?"

दुकानदारही हसला.

मेट्रोत तात्यारावांनी बॅग मांडीवर घेतली होती. खोड काढायला आता काही उरलं नव्हतं.

"फोन करशील?"

"रोज करेन, काका."

"रोज नको. पण मी उचलला नाही, तर मात्र ये. माझं करायला दुसरं कोण आहे?"

आशयनं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर बोगद्याचा अंधार होता. काचेत त्याचे डोळे भरलेले दिसले आणि तात्यारावांना जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर आशय सामान बांधायला वर गेला. "बॅग राहू द्या हं, काका. सकाळी मी लावतो."

तात्यारावांना राहवेना. त्यांनी बॅगेत तिळाचे लाडू भरले, गिरिजानं विणलेले हातमोजे ठेवले आणि जिन्याखालच्या दिव्याच्या उजेडात बॅग काळ्या टाकीवर ठेवली. बॅगेच्या दोन्ही अंगांना मॅग्नेट शिवलेले पंखे होते; उजवा थप्पकन बसला. डावा घसरला.

ओझं झालं असेल. त्यांनी लाडू काढले. तरी घसरला. मफलरनं टाकी पुसली. मग नुसता तो पंखा हातात धरून टाकीवरून फिरवला. वर धरत होता. खाली धरत होता. मध्ये मात्र धरत नव्हता. त्यांनी त्या जागेच्या कडेनं बोट फिरवलं. बोट गोल फिरून होतं तिथं आलं.

"काका!" आशय जिन्यात उभा होता. "राहू द्या ते."

तात्यारावांनी वर बघितलं नाही. ते घरात गेले, गिरिजाचा तो दुधाचा डबा घेऊन आले आणि त्याचं बूड टाकीच्या डाव्या अंगाला टेकवलं. मॅग्नेट जिथं धरत नव्हतं, तेवढीच जागा डब्याच्या बुडाखाली झाकली गेली.