मागचं झाकण

पाथरीच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या व्यंकटरावांनी चंद्रभान गुरुजींना कॅमेरा शिकवायला घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कडक उन्हात लेन्सचं हे कडं सोळावर ठेवा, आभाळ आलं की आठवर. चुकलं तरी हरकत न्हाई. पर रोल गुंडाळल्याबिगर हे मागचं झाकण उघडू नका. उजेड लागला की समदं गेलं."

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात विद्यापीठाच्या नामांतराचा राग गुरुजींच्या वस्तीवर निघाला. भरदिवसा घरं पेटवली. आभाळ आलेलं होतं. गुरुजींनी लेन्सचं कडं आठवर फिरवलं आणि कडब्याच्या गंजीआडून बटण दाबत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते राखेनं माखलेल्या सदऱ्यातच कॅमेरा घेऊन स्टुडिओत आले. "आतला एवढा रोल धुऊन द्या. फौजदाराला दाखवायचाय. पेटवणाऱ्यांची तोंडं नक्की आलीत."

"कोण कोण हाय?"

गुरुजी घुटमळले. पण ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांच्यापासून काय लपवायचं?

"तिघं हायेत. त्यात तुमचा धाकटा भाऊ बी हाय."

व्यंकटराव कॅमेरा घेऊन दुकानाच्या दारात गेले आणि भर उजेडात त्यांनी मागचं झाकण सताड उघडलं.

 

मग गुरुजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लय मनाला लावून घिऊ नका गुरुजी. नवशिक्याच्या हातून असं हुतंच."