गिळलेली ओळ

"हात जरा वर धर," सिकंदर म्हणाला. पिराजीने दोन्ही हात वर केले आणि शिंप्याचं ते एवढंसं दुकान भरूनच गेलं.

काळ्या घोंगडीच्या कापडाचा कोट. दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवलेला. पिराजी पैलवानाच्या छातीला पुरेल असा कोट कोल्हापुरात आजवर कुणी शिवला नव्हता, आणि विलायतेच्या थंडीला पुरेल असा तर कुणाच्या बापानेही नाही. परवा सकाळी मुंबईची गाडी, तिथून आगबोट, मग भर हिवाळ्यात चार शहरं: लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना. महिनाभर तालमीत दुसरा विषय नव्हता.

पिराजीची मालीश आणि खुराक बघणारा गुंडू उंबऱ्यावर बसून बोटांवर सामान मोजत होता. "बदाम घेतलं, तूप घेतलं. पर दुधाचं काय? पॅरिसात म्हशी असत्यात का रं?"

"असतील की."

"मग बर्फात त्या डुंबत्यात कुठं?"

पिराजी खदखदून हसला. सिकंदरला हसू आलं नाही. टाचणी बोटात घुसली होती, तेही त्याला उशिरा कळलं.

गोष्ट अशी होती. महाराज विलायतेला जाऊन आल्याला सहा वर्षं झाली होती आणि काळं पाणी ओलांडायची लोकांची धास्ती जरा कमी झाली होती. अशात मुंबईच्या एका गोऱ्या ठेकेदाराचं इंग्रजी पत्र तालमीत आलं. तालमीत इंग्रजी येणारा एकटा सिकंदर. शिंप्याचा मुलगा, पण पाच इयत्ता इंग्रजी शिकलेला. वस्ताद गणपतरावांच्या समोर बसून त्याने पत्र मराठीत सांगितलं. बोटीचं भाडं, राहणं, खाणं, दुभाषी म्हणून सिकंदरने सोबत यायचं, सगळं सांगितलं. एक ओळ तेवढी गिळली. प्रत्येक शहरात शेवटच्या रात्री पिराजीने तिथल्या गोऱ्या पैलवानाकडून चीत व्हायचं, असं त्या ओळीत होतं.

पिराजीच्या पाठीला सात वर्षांत माती लागली नव्हती. ठरवून केलेल्या कुस्तीचं नुसतं नाव काढलं असतं, तरी वस्तादांनी पोटच्या पोरालासुद्धा कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याबाहेर हाकललं असतं. हे काय सिकंदरला ठाऊक नव्हतं? पण ती चार शहरं त्याने शाळेच्या नकाशावर बोट फिरवून इतकी पाहिली होती की नकाशाचा कागद तिथे झिजला होता. ओळ वाचली की प्रवास संपला. पुढचं पुढे बघू, तिकडे गेल्यावर ठेकेदाराला समजावू, असं म्हणत त्याने महिना ढकलला. ताटातली भाकरी तो तशीच मागे सारी. त्याची आई हुसेनबी रोज मीठमिरच्या घेऊन त्याची नजर काढत होती. बिचारीला काय कल्पना!

आणि उद्या तालमीतली रीत होती. परगावी कुस्तीला निघालेल्या पैलवानाने आणि त्याच्या सोबत्यांनी हौद्यात उभं राहायचं, मूठभर लाल माती हातात घ्यायची आणि आपण कशाला निघालो ते वस्तादांना सांगायचं. एवढंच. पण माती हातात धरून त्या तालमीत आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. सिकंदरने मनातल्या मनात दहा वाक्यं जुळवून पाहिली. दहाही खोटी निघाली.

गुंडू तुपाचा डबा बघायला म्हणून उठून गेला. दुकानात दोघेच उरले.

"पिरा," सिकंदर म्हणाला. "त्या पत्रातली एक ओळ मी सांगितली न्हाई."

मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. पिराजीचे हात अजून वरच होते. सिकंदर मान खाली घालून शिवीची वाट बघू लागला, थपडेचीही.

पिराजीने सावकाश हात खाली घेतले. "ठाऊक हाय मला."

"आँ?"

"पाकिटावरचं टपालाचं तिकीट आईला दावतो म्हणून पत्र नेलतं न्हवं मी? वाटंत शाळंच्या मास्तरांकडनं वाचून घेतलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? बारकं असल्यापास्नं तुझ्या तोंडनं तीच चार गावं ऐकतोय. म्हटलं, गड्याला एकदा दावून आणावीत. उद्या माती हातात घेऊन बी वस्तादास्नी हेच सांगणार हुतो. मला कुणी काय सांगितलंच न्हाई, असं धरून टेकली असती पाठ चारदा. परमुलखात कोण वळखतंय मला?"

सिकंदरला भरून आलं. आपण ज्याच्यापासून महिनाभर तोंड लपवलं, तो आपल्यासाठीच हरायला निघाला होता. लाज वाटली, आणि तितकंच हलकंही वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. डोळे पुसून तो हसला.

"मग जाऊ या की रं! तुझं मला कळलं, माझं तुला कळलं. आता भ्या कुणाचं?"

पिराजीने एकेक टाचणी जपून काढली. कोट अंगातून उतरवला, घडी घातली आणि सिकंदरच्या मांडीवर ठेवला.

"तू गप हुतास, मी गप हुतो, तवर ती माझी हार हुती," तो म्हणाला. "आता दोघं बोललो गड्या. आता ती ठरवून केलेली कुस्ती झाली."