हिरवी बांगडी

"ही टोपी घाला. मुलीला जे जाणवेल, तेच तुम्हाला जाणवेल. मग खेळणं निवडा," दुकानातल्या बाई म्हणाल्या.

सुनेत्रानं टोपी घातली. तिची स्वमग्न लेक मिहिका शेजारी कान झाकून बसली होती. बाईंनी मऊ ससा मिहिकाच्या हाताला लावला आणि सुनेत्राच्या हाताला काटे टोचले. लेकीला जवळ घ्यायला ती वाकली, तर पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज कानात घुसला. तो तिच्याच बांगड्यांचा होता. आई जवळ आल्याचं लेकीला कळावं, म्हणून तर तिनं हात भरून काचेच्या बांगड्या घातल्या होत्या.

ती तिथंच एकेक बांगडी उतरवून काउंटरवर ठेवू लागली.

"अगं, भुंड्या हातांनी घरी येणार का?" सोबत आलेल्या सासूबाई कुजबुजल्या.

मिहिकानं कानांवरचे हात काढले. एक हिरवी बांगडी उचलून डोळ्यापाशी धरली आणि हळूहळू फिरवायला लागली.

टोपी अजून सुनेत्राच्या डोक्यावरच होती. तिच्या डोळ्यांपुढे हिरवा उजेड पाण्यासारखा हलू लागला आणि दुकानातला सगळा गोंगाट विरून गेला.

"मग, कोणतं खेळणं बांधू?" बाईंनी विचारलं.

"जरा थांबा," सुनेत्रा म्हणाली, "आम्ही खेळतोय."