घरचा नमुना

प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर शिशाचा आकडा चढत गेला, तशी शलाका पुढे वाकली. तक्रारी आलेले मांजरांच्या खाऊचे सगळे नमुने ठीक निघाले होते. विषारी निघाला तो तिनेच तुलनेसाठी घरून डब्यात आणलेला, तिच्या बोक्याचा महागडा खाऊ. शुद्ध म्हणून आणलेला!

तिने तो पुन्हा तपासला. आकडा तोच.

तिने घाईघाईने घरी फोन लावला. "आई, बोक्याची वाटी आधी उचला. खाऊत विष आहे!"

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "पण तो कुठे तोंड लावतो त्याला?"

शलाकाचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वर आला.

"मग मी सकाळी भरलेली वाटी रोज रिकामी कशी होते?"

फोनमधून फक्त तिच्या नुकतेच दात आलेल्या, रांगत्या बाळाचं काहीतरी चावल्याचं कुडुमकुडुम ऐकू येत राहिलं.