मास्तरांचं बनियन

मास्तरांनी बनियन उलटं केलं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला अंगठा तो, त्याला फसवणं सोपं नव्हतं. काखेपासून छातीपर्यंत एक राखाडी धागा नागमोडी गेला होता. नखाने ओढला तर दुप्पट लांब झाला, सोडला तर मुकाट्याने जागेवर आला.

"हा धागा सुताचा नाही," ते म्हणाले.

"नाहीच मुळी. आमच्या प्रयोगशाळेत काढलाय," लेक म्हणाली. "रबरासारखा ताणतो आणि तारेसारखी वीज वाहून नेतो. हृदयाचे ठोके थेट माझ्या फोनवर येतात. अंगाला घट्ट बसायला हवं बरं का. आणि बाबा, याला कात्री लावायची नाही."

लेक गेली आणि मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडल्यापासून डॉक्टरांनी त्यांचं शिलाई मशीन बंद केलं होतं. तरी रोज दुपारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत ते जुन्या भागीदाराचं दुकान गाठत आणि चांगले दोन तास पायडल मारत. ठोके मोजणारी वस्तू चुगली करणारच. ते दुकानही सुटलं, तर दिवसभर काय भिंतीकडे बघत बसायचं?

त्यात बायकोचं वागणंही त्यांना खटकत होतं. हल्ली ती जिना चढताना मध्येच एका पायरीवर बसायची. यांची पावलं वाजली की चटकन उठायची, कपाळ पुसायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो, पित्त झालंय." मास्तरांनी ताडलं, मायलेकींचं गुळपीठ आहे. ही जिन्यात बसून लेकीला फोनवर बातम्या पुरवते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बनियन घालून पाहिलं. खांद्यात आखूड, छातीला आवळलेलं. "शिंप्याची पोर आणि साधं माप घेता येत नाही," असं पुटपुटत त्यांनी ते काढलं आणि बायकोपुढे धरलं.

"थंडी आहे, स्वेटरच्या आत घाल. लेकीला बोलायचं नाही. तू दिवसभर घरात, म्हणजे मीही घरात."

"काय तरी बाई तुमचं डोकं," ती हसली. पण ऊब तिला आवडली. बनियन बसलंही झकास, कुठे टाका घालायला नको की उसवायला नको. लेक शेर तर बाप सव्वाशेर, असं मनाशी म्हणत मास्तर दुकानाकडे निघाले.

पाचव्या दिवशी दुपारी ते शर्टाला कॉलर जोडत होते. फोन वाजला.

"बाबा, मशीन सोडा आणि घरी जा. ठोके बिघडलेत. आईला हलू देऊ नका, अँब्युलन्स निघालीय."

मास्तर सुई कापडातच ठेवून धावले. ती त्याच पायरीवर बसली होती, ओठ पांढरेफटक. या वेळी पावलं वाजली तरी उठली नाही. तिच्या हातात फोन नव्हता. तो याआधीही कधी नसणार, हे मास्तरांना आत्ता कळलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलंत, म्हणाले, धोका टळलाय. मास्तरांना रडू आवरेना. त्यांनी लेकीचा हात धरला.

"मी तुला फसवलं गं. ते बनियन मी तिला घालायला लावत होतो. नशीब म्हणून..." आणि ते मध्येच थांबले. खोट शोधायची जन्माची सवय, ती इथेही जागी झाली. त्यांनी लेकीकडे रोखून पाहिलं. "पण तू फोनवर आईचं नाव घेतलंस. तुला कसं कळलं?"

लेकीने डोळे पुसले.

"तिला तपासून घे म्हटलं, की मला काय धाड भरलीय म्हणते. तिच्या हातात दिलं असतं, तर कपाटात घडी होऊन पडलं असतं. म्हणून तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते अंगावर ठेवणार नाही, याची मला खात्री होती." मग ती जरा हसली. "फक्त एकच धाकधूक होती, बाबा. चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला ते आईच्या मापाचं आहे हे कळलं तर?"