मानाचा फोन

हंसाबाई मांडवात शिरली ती चपला न काढताच. माहीमला भावाच्या दारी भाचीची हळद, ओटीवर बायका जमलेल्या, आणि हिच्या हातात ना नारळ ना ओटीचं सामान. तारापूरहून एवढ्या सकाळी ही काही आशीर्वाद द्यायला आलेली नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"पुंडल्या, मांडव घातलास. बहीण मेली का जिती हाय, एवढं तरी विचारायचं."

पुंडलिकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तो खुर्चीतून उठायला गेला, तर तिनं हातानंच त्याला बसवलं. मग ती भावजयीकडे, काशीबाईकडे वळली आणि अशी काही सुटली, की बोईसरच्या मच्छीबाजारात अर्ध्या भावात पापलेट मागणाऱ्यावरही कधी सुटली नसेल. या घरातलं प्रत्येक लग्न तिच्या धवल्यांनी, तिच्या लग्नगीतांनी लागलं होतं. धवलारणीनं गाणं धरल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही, आणि धवलारीण घरचीच सख्खी आत्या असताना तिला साधा एक फोन नाही? काशीच्या माहेरापासून तिच्या हातच्या कालवणापर्यंत हंसाबाईनं काही शिल्लक ठेवलं नाही.

काशीबाईचे हात हळदीनं माखलेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, फोन रोज लावला. लागलाच नाय. मग स्वातीला सांगितलं. ती बोलली नाय तुमाला?"

बोलली होती. दोनदा बोलली होती, की माहीमच्या मामींचा फोन आला, हळदीला बोलावलंय. पण हंसाबाईनं स्वतःचा फोन घेतला, तेव्हाच घरादाराला बजावलं होतं: माझं बोलावणं माझ्या फोनवर आलं पाहिजे. सुनेच्या तोंडून आलेलं आवतण म्हणजे दुसरीच्या ताटात उरलेलं. ही स्वाती मामीची लाज राखायला बनवून सांगते, असंच तिनं धरलं होतं. तसं तिला ऐकवलंही होतं.

"मान सुनेला का मला?" हंसाबाईनं कमरेची पिशवी सोडली, बटणांचा फोन काढला आणि तळहातावर ठेवला. "ह्यो बघ. रोज चार्ज करते. घड्याळ चालतं, बॅटरी पेटते. लाव आता. सगळ्यांच्या समोर लाव."

काशीबाईनं हात पुसले, आपला फोन आणला, आवाज मोठा केला. बायका जवळ सरकल्या. काशीबाईच्या फोनातून एक बाई बोलली, की आपण डायल केलेला क्रमांक सेवेत नाही. मग तेच तिनं हिंदीतून सांगितलं. हंसाबाईच्या तळहातावरचा फोन गप्प तो गप्पच.

"त्या बाईला काय माहीत," हंसाबाई म्हणाली. कुणीतरी पदरात हसलं.

हळदीला पाटावर बसलेली प्रियंका उठली. असं उठायचं नसतं, पण उठली. तिनं तो फोन हातात घेतला, काचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि हळूच, बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आत्या, इथं रेंजच्या काठ्या असतात. तुझ्या फोनला एक पण नाय. कंपनीनं जुनं नेटवर्क बंद केलं, गणपतीतच. नवं कार्ड लागतं, फोन पण नवा लागतो. हा नुसता चालू दिसतो. ह्याच्यावर येत काय नाय."

हंसाबाईला नंबर लावता येत नव्हता. वाजला की हिरवं बटण दाबायचं, एवढीच तिची विद्या. गणपतीपासून फोन वाजला नव्हता, आणि ती एकेकाला मनातून उतरवत गेली होती. मनोरच्या चिमीला, जुन्या मैत्रिणीला, तर तिनं भर बाजारात सांगितलं होतं, माझ्या पाटीपुढं उभी राहू नको. चिमी काहीतरी सांगायला बघत होती. तिला बोलूच दिलं नव्हतं. आणि स्वाती म्हणाली होती, आई, तुमचा फोन बंद पडलाय, चला दुकानात जाऊ. त्यावर हंसाबाईनं तिचे आईबाप काढले होते.

तिनं फोन परत मागितला नाही. मागं गेली, मांडवाच्या खांबाशी चपला काढल्या. पुंडलिक म्हणाला, "बाय, इकडं बस ना, माझ्यापाशी." ती बसली, पण पार कडेला, पाण्याच्या पिंपाजवळ, भांडी घासणाऱ्या बायांच्या रांगेत.

काशीबाई तिथंच आली. "दुसरी धवलारीण आणली नाय आमी. आणली असती तर तुमी जन्मभर बोलला असता," ती म्हणाली. आवाजात राग होता आणि नव्हताही. "चला, धरा धवला. हळद खोळंबलीय."

हंसाबाईनं तोंड उघडलं. पहिली ओळ ओठांवर होती, लहानपणापासून होती. मघाशी याच तोंडातून काय काय बाहेर पडलं होतं, ते सगळ्या बायकांनी ऐकलं होतं. ओळ निघाली नाही. तिनं मान हलवली.

मग प्रियंकानं पाटावरूनच आपला फोन स्पीकरला जोडायला सांगितला. आत्या आलीच नाही तर म्हणून घरच्यांनी ही सोय करून ठेवली होती. थोरल्या भावाच्या, धीरजच्या लग्नात भरून घेतलेला धवला लागला. आवाज हंसाबाईचाच, खणखणीत, शब्द न् शब्द सुटा, देवाला न् दर्याला हळदीचं आवतण देणारा. बायकांनी मागून सूर धरला. पहिलं हळदीचं बोट प्रियंकाच्या गालाला लागलं.

काशीबाई वाकून म्हणाली, "बंद करू का, वन्सं? गाता तुमी?"

हंसाबाईनं पदर तोंडाशी धरला.

"नको. तिलाच गाऊ दे," ती म्हणाली. "ती कुणाला काय बोललेली नाय."