इकडची जाळी

बेडकी वर येईना.

आधी काकांना हसूच आलं. पोहण्याच्या तलावाची देखभाल करणाऱ्या काकांची ही धाकटी लेक. एकदा पाण्यात शिरली की बाहेर निघायचं नाव नाही, म्हणून सगळे तिला बेडकीच म्हणत. तळाशी बसून बापाला घाबरवणं ही तिची जुनी खोड. "बस हो बाई, बस. दम संपला की येशील मुकाट्याने," काका काठावरून म्हणाले. तेवढ्यात त्यांना तिचे हात दिसले. ते खेळत नव्हते, नुसते तडफडत होते.

काकांनी कपड्यांनिशी उडी टाकली. तलावातलं पाणी पंपाकडे ओढून नेणारी जाळी तळाला होती, आणि बेडकीचे मोकळे केस मुळापर्यंत त्या जाळीत गेले होते. काकांनी तिला खांद्यांना धरून ओढलं. जीव खाऊन ओढलं. केस सुटेनात. तिने बापाचा शर्ट मुठीत धरला होता, ती मूठ हळूहळू सैल पडली. पोटच्या पोरीला तिथेच सोडून त्यांना वर यावं लागलं.

"पंप बंद करा! अहो, पंप!"

पोहायला शिकवणारे सर पंपाच्या खोलीकडे धावले. घरघर थांबली. काकांनी पुन्हा बुडी मारली. आता केस जाळीतून सहज सुटले.

काठावर सरांनी तिच्या तोंडात हवा फुंकली, छाती दाबली, पुन्हा फुंकली. एकदाचा ठसका लागला. ती पाणी ओकली आणि भोकाड पसरून रडू लागली. इतकं गोड रडणं काकांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते मटकन खाली बसले आणि तिला मांडीवर घेतलं.

"पोरं रोज त्या जाळीवर नाचतात," सर धापा टाकत म्हणाले. "कधी कुणाचा एक केस अडकला नाही. आजच एवढी ओढ कुठून आली, काका?"

'कोण जाणे,' असं काका म्हणणार होते. तेवढ्यात त्यांची नजर तलावाच्या दुसऱ्या टोकाकडे गेली.

तळाशी जाळ्या दोन होत्या. पंप एकच. दोन्हीकडून निम्मं निम्मं पाणी त्याच्याकडे जायचं. आज सकाळी तिकडची जाळी तुटलेली दिसली. एखाद्या पोराचा पाय अडकायचा, म्हणून काकांनी लगेच बुडी मारून तिच्यावर जाड पत्रा घट्ट बसवला होता आणि स्वतःवरच खूश झाले होते. पण पंपाला त्याचं काय? त्याला हवं तेवढं पाणी हवंच. आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. एक तोंड बंद झाल्यावर सगळंच्या सगळं दुसऱ्यातून दुप्पट वेगाने धावणार. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. सकाळी सुचलं नाही, एवढंच.

बेडकीने त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

"बाबा, रागावू नकोस ना," ती हुंदके देत म्हणाली. "तूच म्हणालास ना, तिकडची जाळी तुटलीये, बुड्या मारायच्या तर इकडेच मार. मी खरंच तिकडे फिरकले नाही रे."